शेंगदाणे सोडले की ओठावरचा ताप थांबतो का?

ओठाच्या कडेला आधी चुरचुरतं, मग टोचल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठलेला असतो. घरातल्या प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार असतं. आजीच्या मते अंगातला ताप बाहेर पडला. आईच्या मते उष्णता झाली, दोन दिवस ताक पी. हल्ली तिसरं मत मोबाईलवरून येतं: शेंगदाणे बंद कर, त्यात आर्जिनिन असतं; लायसिनच्या गोळ्या सुरू कर, मेडिकलमध्ये मिळतात.

हा तिसरा सल्ला मुंबईत पाळायचा म्हणजे साबुदाण्याची खिचडी गेली, कोशिंबिरीतलं कूट गेलं, शेंगदाणे घातलेली वडापावची सुकी चटणी गेली, लोणावळ्याहून कुणीतरी हमखास आणतंच ती चिक्कीही गेली. एवढं सगळं सोडायचं तर त्यामागचं शास्त्र कितपत पक्कं आहे हे तपासायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकते. या कल्पनेत तथ्याचा अंश आहे, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तो जेवढा मोठा दिसतो, तेवढा माणसाच्या ताटात दिसत नाही.

हे फोड हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे येतात. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुतेकदा तोंडाभोवती आढळतो, दुसरा जननेंद्रियांभोवती. पण दोन्ही प्रकार दोन्हीकडे होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या 50 वर्षांखालच्या सुमारे 64 टक्के लोकांच्या शरीरात पहिला प्रकार असतो. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, कुणा प्रेमळ मामा-मावशीने घेतलेल्या पाप्यातून. त्यातल्या कित्येकांना आयुष्यात एकदाही फोड येत नाही. तेव्हा ओठावरचा फोड पाहून कुणाच्या वागणुकीचे अंदाज बांधणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

हा विषाणू एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या वाटेने आत जातो आणि मज्जापेशींच्या गाठींत दडून बसतो. ओठावरचा कवटीच्या तळाशी असलेल्या गाठीत, जननेंद्रियावरचा कण्याच्या खालच्या टोकाजवळ. तिथे तो जवळपास निपचित असतो, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याचा माग लागत नाही आणि आजचं कुठलंही औषध त्याला तिथून हुसकून लावू शकत नाही. अधूनमधून तो जागा होतो, त्याच मज्जातंतूवरून खाली उतरतो आणि साधारण त्याच जागी फोड उठवतो. म्हणजे आहाराबद्दल विचारायचे प्रश्न दोनच: आपण खातो त्यामुळे हा विषाणू जागा होतो का? आणि जागा झाल्यावर त्याची वाढ खाण्याने कमी-जास्त होते का?

त्याआधी दोन घोळ निस्तरायला हवेत. पहिला नागिणीचा. नागीण हा वेगळा आजार आहे. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू हर्पिसच्याच कुळातला, पण त्याचं वागणं निराळं. तो सहसा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा उठतो आणि फार दुखतो. (नागिणीने अंगाभोवती वेटोळं पूर्ण केलं की माणूस जातो, हे अजूनही छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. तसं काही नसतं.) दुसरा घोळ तोंड येण्याचा. गालाच्या आत, जिभेवर किंवा ओठाच्या आतल्या बाजूला पांढरट-पिवळट, कडेने लाल असे व्रण पडतात, ते बहुतेक वेळा हर्पिसचे नसतात आणि एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. गंमत अशी की तिथे आहाराचा संबंध जास्त सरळ आहे. बी-12, फोलिक आम्ल किंवा लोह कमी पडलं तर तोंड वारंवार येऊ शकतं. शुद्ध शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं नवं नाही, ते रक्त तपासून कळतं आणि भरूनही काढता येतं. अशा माणसाने शेंगदाणे सोडून लायसिन घेत बसणं म्हणजे भलत्याच आजाराचं औषध घेणं झालं.

आता मुख्य गोष्ट. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. एकूण वीस अमिनो आम्लं; त्यातली काही शरीर स्वतः तयार करतं, काही अन्नातूनच यावी लागतात. लायसिन अन्नातूनच यावं लागतं. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण 30 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 1.8 ग्रॅम. आर्जिनिनचं तसं नाही. ते अन्नातून येतंच, शिवाय आपली मूत्रपिंडंही ते तयार करतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडतं.

1960च्या दशकात शास्त्रज्ञ हर्पिसचा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवत होते. पेशींना ज्या द्रवात ठेवतात त्यातून आर्जिनिन काढून घेतलं, तर विषाणूची वाढ जवळजवळ थांबते, असं त्यांना आढळलं. यात नवल नाही. विषाणूच्या काही प्रथिनांत आर्जिनिन भरपूर असतं. वीटच नाही तर भिंत कशी उभी राहणार? मग लायसिन पुढे आलं. लायसिन आणि आर्जिनिन दिसायला-वागायला एकमेकांच्या जवळचे, दोघांवर धन विद्युतभार, आणि पेशीत शिरताना दोघं एकाच प्रकारच्या वाहक प्रथिनाचा वापर करतात. दादरला गाडी थांबल्यावर एकाच दारातून दोन घोळके आत घुसू पाहतात, तेव्हा ज्या घोळक्यात माणसं जास्त त्याचे जास्त आत जातात, इथेही तसंच. लायसिन वाढवा, आर्जिनिन बाहेर राहील, विषाणू उपाशी मरेल. कल्पना देखणी आहे.

1974 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लायसिनच्या उपचाराबद्दल एक छोटं टिपण आलं. 1978 साली 45 रुग्णांवरचा अभ्यास छापला गेला. लायसिन घेतल्यावर फोड लवकर बरे झाले आणि कमी वेळा उठले, असा त्याचा निष्कर्ष होता. लायसिनची जी कीर्ती आज मोबाईलवर फिरते तिचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी खोट्या, म्हणजे दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या घेणारा गट नव्हता. आणि हर्पिसच्या बाबतीत हीच त्रुटी सगळ्यात महागात पडते. कारण ओठावरचा फोड काही न करताही सात ते दहा दिवसांत बरा होतो. शिवाय माणूस गोळी सुरू करतो ती त्रास शिगेला पोचल्यावर. त्यानंतरचे काही महिने तसेही बरेच जातात. याचं श्रेय हातात असलेल्या डबीला मिळतं. आपल्याकडे अंगारे-धुपारे याच हिशेबावर चालत आले आहेत.

पुढे खोट्या गोळ्यांशी तुलना करून चाचण्या झाल्या, तेव्हा चित्र फाटाफुटीचं निघालं. 1984 साली दोन अभ्यास छापून आले. एकात रोज सुमारे 1,250 मिलिग्रॅम लायसिन घेणाऱ्यांना फोड कमी वेळा आले, पण त्याच्या निम्म्या मात्रेत काहीच फरक पडला नाही. दुसऱ्यात रोज 1,200 मिलिग्रॅम देऊनही वारंवार फोड येणाऱ्यांना उपयोग झाला नाही. म्हणजे जवळपास तीच मात्रा, आणि उत्तरं उलटी. 1987 साली रोज तीन ग्रॅम, सहा महिने, अशा चाचणीत फायदा दिसला. या सगळ्या चाचण्या लहान होत्या, काही डझन माणसांच्या. 2015 साली कोक्रेन या संस्थेने ओठावरचा हर्पिस टाळण्याच्या उपायांचा आढावा घेतला. त्यात 32 चाचण्या आणि 2,640 लोक होते. लायसिनने फोड टळतात असा पुरावा त्यांना मिळाला नाही. नंतरच्या एका आढाव्याचा सूर असा की दिवसाला एक ग्रॅमपेक्षा कमी लायसिनचा उपयोग नाही, आणि तीन ग्रॅमच्या वर काहींना थोडा आराम पडत असावा.

हा झाला गोळ्यांचा हिशेब. नुसते शेंगदाणे किंवा चॉकलेट सोडण्याच्या सल्ल्यामागे तर एवढाही पुरावा नाही.

काचेच्या बशीत जमलं ते शरीरात का जमत नाही? बशीत आर्जिनिन शून्यावर आणता येतं. शरीरात ते कधीच शून्य होत नाही. तुम्ही ताटातून काढलंत तरी मूत्रपिंडं ते तयार करत राहतात, आणि पेशी स्वतःची जुनी प्रथिनं मोडून त्यातून आर्जिनिन काढतच असतात. रक्तातली पातळी थोडीफार हलते, पण विषाणू उपाशी मरावा इतकी नाही. दुसरं असं की आर्जिनिन फक्त विषाणूला लागतं असं नाही. विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना ते लागतं, जखम भरून यायलाही लागतं.

तरीही आकडे बघायला हरकत नाही, कारण आपल्या स्वयंपाकघराबद्दल ते बरंच सांगतात. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत आर्जिनिन सुमारे 0.9 ग्रॅम आणि लायसिन जेमतेम 0.3 ग्रॅम. तीळ, बदाम, काजू, भोपळ्याच्या बिया, खोबरं यांतही पारडं आर्जिनिनकडेच झुकतं. उलट बाजूला दूध, दही, पनीर आणि मासे. पेलाभर दुधात अर्धा ग्रॅम लायसिन असतं आणि आर्जिनिन त्याच्या निम्म्याहून कमी. 100 ग्रॅम बांगड्यात किंवा सुरमईत लायसिन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. डाळी मधल्या: मूग आणि तूर यांत दोन्ही जवळपास सारखी, हरभऱ्यात आर्जिनिन जास्त. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसिन मुळातच कमी. म्हणून तर भातावर वरण आणि भाकरीबरोबर पिठलं ही जोडी शरीराला पुरेशी पडते.

आता ही यादी आईच्या यादीशेजारी ठेवा. शेंगदाणे, तीळ, सुकामेवा उष्ण. दूध, दही, ताक थंड. आर्जिनिनवाले बरेचसे पदार्थ उष्णात आणि लायसिनवाले थंडात! इथे अनेकांना पूर्वजांना सगळं माहीत होतं असं म्हणायचा मोह होतो. पण यादी पूर्ण वाचली की जोडी फुटते. मासे, अंडी आणि कोंबडी घराघरांत उष्ण मानली जातात, आणि ती लायसिनची मोठी भांडारं आहेत. नारळ थंड, आणि त्यात आर्जिनिन लायसिनच्या तिप्पट-चौपट. सोलकढी पिऊन ओठ थंड ठेवणाऱ्याने अमिनो आम्लांच्या हिशेबात उलटाच व्यवहार केलेला असतो. पोटाला बरं वाटलं म्हणून प्यावी, हर्पिसला मध्ये आणू नये.

मग “मी शेंगदाणे खाल्ले की मला हटकून उठतं” असं सांगणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही. त्यांनी नवरात्रात नऊ दिवस शेंगदाण्याची आमटी आणि खिचडी खाल्लेली असते आणि दसऱ्याला ओठ सुजलेला असतो. पण त्याच नऊ दिवसांत रात्रीची जागरणं झालेली असतात, ऑक्टोबरचं ऊन अंगावर घेतलेलं असतं, अर्धपोटी ऑफिस गाठलेलं असतं, आणि काहींची पाळी गोळ्यांनी पुढे ढकललेली असते. एवढ्या आरोपींतून शेंगदाण्यालाच पकडायचं तर तेवढा पुरावा हवा. खरंच जाणून घ्यायचं असेल तर सहा महिने वहीत नोंद ठेवा. फोड कधी आला आणि त्याआधीचे तीन-चार दिवस झोप, ऊन, ताप, ताण, पाळी, खाणं कसं होतं ते लिहा. आणि ज्या दिवशी भरपूर चिक्की खाऊनही काही झालं नाही तो दिवसही लिहा. लोक नेमका तोच गाळतात. एवढं करूनही एखादा पदार्थ पुन्हा पुन्हा सापडला, तर तो सोडायला कुणाची ना नाही. पण शेंगदाणे हे स्वस्तात प्रथिनं देणारं अन्न आहे, शंभर ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास. ज्या घरात मासे-पनीर रोजचं नाही, तिथे कच्च्या पुराव्यावर ते बंद करणं मला पटत नाही.

ज्या कारणांबद्दल पुरावा बरा आहे त्यांत ताप सगळ्यात वर. पावसाळ्यात मुंबईत मलेरिया आणि इतर तापांची साथ असते. मलेरियात ओठांवर असे फोड उठतात हे डॉक्टरांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. तेव्हा आजीचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, फक्त ताप बाहेर पडत नसतो, तापाने विषाणू जागा होतो. दुसरं कारण ऊन. 1991 साली छापलेल्या एका प्रयोगात ओठावर हर्पिस येणाऱ्या 38 जणांच्या ओठांवर मोजून अतिनील किरण सोडले. संरक्षक मलम नसताना त्यातल्या 27 जणांना फोड आले, सनस्क्रीन लावल्यावर एकालाही नाही. खऱ्या उन्हातल्या चाचण्यांत एवढं लख्ख यश मिळालेलं नाही, पण दुपारभर शिवाजी पार्कवर क्रिकेट खेळणाऱ्याने किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत उभं राहणाऱ्याने ओठांना एसपीएफ असलेला बाम लावावा, त्यात तोटा काही नाही. याशिवाय पाळीच्या आसपासचे दिवस, दाताच्या डॉक्टरकडे बराच वेळ ताणला गेलेला ओठ, दीर्घकाळचा ताण, आणि प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं.

फोड आलेला असताना लिंबू, मिरची, खारं झोंबतं म्हणून टाळावं. त्यांच्यामुळे फोड येत नाही. मऊ भात, ताक, खिचडी चालेल. हो, साबुदाण्याचीही.

लायसिन घेऊन बघायचंच असेल तर निरोगी माणसाला दिवसाला एक ते तीन ग्रॅम काही महिने सहसा सोसतं. फार तर पोट बिघडतं. मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि लक्षात ठेवा, अशा डब्या आपल्याकडे औषध म्हणून नाही, अन्नपूरक म्हणून विकल्या जातात. गुण येतोच हे सिद्ध करायचं बंधन औषधाला असतं तसं त्यांना नसतं. याच्याच उलट बाजूची एक गोष्ट: आपल्याकडे गरोदर बायकांना बाळाची वाढ कमी वाटली की आर्जिनिनची पुडी पाण्यातून द्यायची पद्धत आहे, आणि जिममधल्या काही पावडरींतही आर्जिनिन असतं. जिमची पावडर बंद करून बघता येईल. पण डॉक्टरांनी दिलेली पुडी हर्पिसच्या भीतीने परस्पर बंद करू नये.

ज्याचा खरा उपयोग होतो ते औषध साधं, जुनं आणि स्वस्त आहे: असायक्लोव्हिर. ते शोधणाऱ्या चमूच्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली नोबेल मिळालं. ते विषाणूच्याच एका विकरामुळे (एन्झाइममुळे) कामाला लागतं, म्हणून निरोगी पेशींना फारसं त्रास देत नाही. त्याची आणि त्याच्या भावंडांची, उदाहरणार्थ व्हॅलासायक्लोव्हिरची, मेख वेळेत आहे. चुरचुर सुरू झाल्याबरोबर गोळी पोटात गेली तर फोडाचे दिवस कमी होतात. खपली धरल्यावर घेऊन फारसं काही हाती लागत नाही. वारंवार त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच घेऊन ठेवावी. मलमाचा उपयोग त्या मानाने किरकोळ.

काही वेळा वाट पाहायची नसते. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. हर्पिसने बुबुळावर कायमचा डाग पडू शकतो. ओठावर फोड असलेल्याने तान्ह्या बाळाची पापी घ्यायची नाही, बारशाला कितीही आग्रह झाला तरी. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला हा विषाणू जिवावर बेततो. इसब, एचआयव्ही, केमोथेरपी असणाऱ्यांनी फोड अंगावर काढू नये.

जननेंद्रियावरच्या हर्पिसबद्दल लोक डॉक्टरांपेक्षा इंटरनेटला आधी विचारतात, त्यामुळे आहाराचे सल्लेही तिथेच सगळ्यात जास्त खपतात. सरकारी रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात, आणि मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात असे रुग्ण रोजचेच. वारंवार उठत असेल तर असायक्लोव्हिरची किंवा त्याच्या भावंडाची गोळी रोज कमी मात्रेत घेण्याचा उपचार आहे. त्याने पुन्हा उठण्याचं प्रमाण 70 ते 80 टक्क्यांनी घटतं, आणि दुसऱ्या प्रकारच्या विषाणूत जोडीदाराला होण्याचा धोकाही जवळपास निम्मा होतो. कंडोमने तो आणखी कमी होतो. फोड असताना किंवा चुरचुर सुरू झाल्यावर संबंध टाळायचे. गरोदर बाईने आपल्याला किंवा नवऱ्याला हा त्रास कधी झाला असेल तर ते प्रसूतीच्या डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगावं. शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका सगळ्यात जास्त असतो, आणि कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियनचा निर्णय घ्यावा लागतो.